वाटेवरचा क्रूस



आपल्यापैकी जे वांद्र्याला किंवा वसईला पाहुणे म्हणून गेले असतील, त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला क्रूस पाहिला असेल. मे महिन्यात संध्याकाळी आळीतली माणसे तिथे जमतात, रोझरी म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात.

वांद्र्याचे यांतले कित्येक क्रूस प्लेगच्या साथीत उभे राहिले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी या साथीचा रोगी ओळखला. पुढे घरोघरी मरण आले. त्या भीतीत आपल्या बांधवांनी वाटेवर क्रूस उभारला आणि त्याच्यापाशी एकमेकांसाठी प्रार्थना केली.

ही रीत फार जुनी आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर मध्ययुगात मठांच्या वाटेवर दगडी क्रूस उभे केले होते. धुक्यात वाटसरू चुकू नये म्हणून ते होते. पुढे लोकांना त्यांचा विसर पडला आणि काही क्रूस शेताच्या फाटकाला खांब म्हणून लावले गेले. श्रद्धा विसरली की क्रूसाचा नुसता दगड होतो.

आणि पहिला क्रूस कुठे होता? मंदिरात नव्हे, वेशीबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर. शेतावरून परतणारा कुरेनेकर शिमोन त्याच वाटेवर होता. क्रूस उचलायला तो आला नव्हता, पण त्याच्या खांद्यावर तो दिला गेला.

आपल्या पडेगावात असे जुने क्रूस नाहीत, पण वाट आहे. शहरातून मिटमिट्याकडे, पुढे दौलताबाद-खुलताबादकडे जाणारा हा रस्ता. भद्रा मारुतीला पायी निघालेले भाविक याच रस्त्याने जातात. त्यांच्यातल्या तहानलेल्याला आपण तांब्याभर पाणी दिले, तर तिथे क्रूस उभा राहिला असे समजावे.

एक गोष्ट आपण प्रभूसमोर कबूल करू या. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत अनेकांना चार माणसांच्या उपस्थितीत मूठमाती द्यावी लागली. तेव्हा सांत्वनाला जाता आले नाही, नाइलाज होता. पण दारे उघडून वर्षे लोटली, तरी त्यातल्या काही घरांचा उंबरा आपण अजून ओलांडलेला नाही. मिस्सानंतर ओळखीचे हसतो आणि निघून जातो. गळ्यात क्रूस आहे, पण त्या घराच्या वाटेवर नाही.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने असे एक घर निवडावे. हातात काही नेले नाही तरी चालेल. जाऊन बसावे, गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याच्याविषयी ऐकावे आणि उठण्यापूर्वी मिळून एक ‘हे आमच्या बापा’ म्हणावे.

हे प्रभू येशू, तू वाटेवर आमच्यासाठी क्रूसावर चढलास. आम्हांला दुसऱ्याच्या दारापर्यंत चालत जाण्याचे बळ दे. आमेन.