दार कुणाच्या सोयीनं लागतं?

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात ‘पिंजरा’ म्हटलं की कुणालाही आधी बिबट्या आठवतो. वन विभागानं उसाच्या कडेला आणून ठेवलेला लोखंडी पिंजरा, त्याच्या वेगळ्या कप्प्यात बांधलेली शेळी आणि सकाळी बिबट्या सापडला की बघायला जमणारी गर्दी. असे पकडलेले काही बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात उरलेलं आयुष्य गजांआड काढतात. म्हणून समजा, अवसरी खुर्दच्या एखाद्या मळ्यातल्या घरात नातीनं दोन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि सोबत ऑनलाइन मागवलेला ‘क्रेट’ही आणला, तर आजी काय विचारेल हे सांगायला नको. “एवढंसं लेकरू ते. त्यानं काय गुन्हा केलाय गं?”

या प्रश्नावर हसून पुढे जाता येईल, पण तो खरा नैतिक प्रश्न आहे. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याला, त्याच्या भल्यासाठी का होईना, त्याला न विचारता बंद करायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

आधी क्रेटचं काम कसं चालतं ते बघू. पिल्लाला झोपायच्या जागी घाण करायला सहसा आवडत नाही. त्याला उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा दिली, तर ते शू-शी थोडी रोखून धरायला शिकतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी बाहेर न्यायचं आणि तिथं काम झालं की कौतुक करायचं. काही आठवड्यांत त्याला कळतं की घर वेगळं आणि ही जागा वेगळी. सुरुवातीचे दिवस क्रेटचं दार उघडंच ठेवायचं. आत गोधडी, आत जेवण. पिल्लू आपणहून आत जाऊन झोपायला लागलं की मग मिनिटभर दार लावायचं, पुढे पाच मिनिटं, पुढे अर्धा तास. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचा, कारण तो गजात अडकून फास बसू शकतो. पत्र्याखाली किंवा उन्हात क्रेट ठेवायचा नाही. शिक्षा म्हणून तर कधीच कोंडायचं नाही. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त रोखू शकत नाही, म्हणजे रात्रीही उठावं लागतं. घरात घाण झालीच, तर ती पुसायची. त्यात त्याचं नाक घासलं तर ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली जाऊन करतं.

आता आजीच्या बाजूनं बोलायचं, तर तिच्या डोळ्यांसमोर गावातला मोकळा कुत्रा आहे. ओट्यावर झोपणारा, मळाभर हिंडणारा, भाकरीच्या तुकड्यावर राखण करणारा. त्याच्यापुढे क्रेटमधलं पिल्लू कैदी वाटणारच. पण हा मोकळा कुत्रा खरंच किती मोकळा असतो? पुष्कळ वस्त्यांवर तो रात्री अंगणात साखळीला असतो. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला होता. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं निघालं की बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं 87 टक्के पाळीव प्राणी होते आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता, शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. डिंभे धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याची पिल्लं जन्मू लागली. अशा मुलखात साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. पिंजऱ्यातल्या शेळीत आणि त्याच्यात फरक एवढाच की शेळीच्या आणि बिबट्याच्या मध्ये निदान जाळी असते.

म्हणजे इथं निवड ‘बंद की मोकळं’ अशी नाही. निवड घराच्या आतल्या दारात आणि अंगणातल्या साखळीत आहे. कोंबड्या डालग्याखाली झाकणाऱ्या, मेंढ्यांभोवती वाघर लावणाऱ्या माणसांना दार लावणं म्हणजे क्रूरपणा नव्हे, हे वेगळं सांगावं लागत नाही. फक्त क्रेट घराच्या आत हवा. अंगणात ठेवलेला क्रेट रात्री काही कामाचा नाही.

पण इथं थांबणं धोक्याचं आहे, कारण ‘सुरक्षेसाठी’ या शब्दात काहीही बसवता येतं. ‘सातच्या आत घरात’ हे मुलींना सुरक्षेसाठीच सांगितलं जातं. हॉस्टेलचं गेट मुलींसाठी लवकर लागतं तेही सुरक्षेसाठीच. पिल्लाला जे लावलं ते मुलीला का लावायचं नाही? याचं उत्तर मला असं दिसतं. पिल्लाला बिबट्या म्हणजे काय, वायर चावली की काय होतं, हे समजावून सांगता येत नाही. मुलीला सांगता येतं, आणि बऱ्याचदा तिला ते सांगणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं. जिथं समजावणं शक्य आहे तिथं दार लावणं हा तिच्या समजुतीचा अपमान आहे. जिथं ते शक्य नाही तिथंसुद्धा दाराला मुदत हवी, आणि हळूहळू ते दार नकोसं व्हावं हा हेतू हवा.

पण तंत्र हळुवार असलं म्हणजे हेतूही चांगला असेलच असं नाही. लायकाचं उदाहरण घ्या. ती मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री होती. अवकाशयानाची अरुंद जागा सोसावी म्हणून तिला आणि इतर कुत्र्यांना क्रमाक्रमानं लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत, एका वेळी वीस दिवसांपर्यंत ठेवलं गेलं. थोडं थोडं करत सवय लावायची, म्हणजे पद्धत तीच. उड्डाणाआधी एका शास्त्रज्ञानं तिला घरी नेऊन आपल्या मुलांशी खेळू दिलं. म्हणजे माया नव्हती असं नाही. 3 नोव्हेंबर 1957 ला स्पुटनिक-2 तिला घेऊन गेलं. परत आणायची योजनाच नव्हती. काही तासांतच ती अतिउष्णतेनं मेली आणि ही गोष्ट जगाला 2002 मध्ये कळली. त्या कामात असलेल्या ओलेग गाझेंको यांनी 1998 मध्ये जाहीर खंत व्यक्त केली, की त्या मोहिमेतून जे शिकलो त्यासाठी तिचा जीव जाणं योग्य नव्हतं.

लायका आपणहून आत बसायला शिकली असेल. पण तिच्या शिकण्याचा तिला काहीच उपयोग नव्हता. म्हणून ‘आता ते स्वतःहून आत जातं’ हा पुरावा पुरेसा नाही. सवय कशाचीही लागते. विचारायचं ते हे की दार लागल्यानं कुणाचं काम सोपं होतं. पिल्लाचं, की सकाळी नऊला मंचरला निघून संध्याकाळी सहाला परतणाऱ्या आपलं?

आपल्या कायद्यालाही हा फरक कळतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार, प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं हाही गुन्हा आहे. आणि ज्याला नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलं जातं त्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही, तर तोही. बंद करण्याला कायदा सरसकट ना म्हणत नाही. पण जो बंद करतो त्याच्यावर तो कर्ज चढवतो आणि ते कर्ज वेळेनं फेडायचं असतं.

हा हिशेब पिल्लू आणण्याआधी करायचा आहे. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बाहेरगावची पोरं खोल्या घेऊन राहतात. चार वर्षांसाठी खोली घेता येते, पण कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. रात्री दोनला उठून त्याला बाहेर न्यायचं, तेही बॅटरी घेऊन आणि कुणाला तरी सोबत घेऊन, कारण बाहेर ऊस आहे. हे जमणार नसेल, तर क्रेट कितीही मोठा घेतला तरी तो पिंजराच.

2025 च्या शेवटी शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागातली माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना साऱ्या देशानं पाहिली. कुत्र्याच्या गळ्यातली वस्तू माणसाच्या गळ्यात आली. जीव वाचवायला ती हवी होती, आणि ती रोज घालावी लागू नये असं त्यातल्या प्रत्येकाला वाटत असणार. क्रेटमधल्या पिल्लाच्या वतीनं आपल्यालाही असंच वाटायला हवं. आजीला उत्तर द्यायचं तर ते असं: “गुन्हा नाही आजी, त्याला अजून कळत नाही. कळायला लागलं की दार उघडं.” आणि मग ते खरंच उघडायचं.