पाण्याचा उत्सर्ग

मनुष्याने बांधलेल्या जलाशयाच्या काठी जो आनंद होतो तो कोणाचा प्रसाद मानावा, हा प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटेल. कारण कासच्या तलावाभोवती सकाळच्या धुक्यात पायी फिरणाऱ्याला, बामणोलीहून लाँचने वासोट्याच्या पायथ्याकडे निघालेल्याला, किंवा चांदोलीच्या रानात दुर्बीण डोळ्यांशी धरून धनेशाची वाट पाहणाऱ्याला आपल्या आनंदाचे मूळ शोधण्याची निकड भासत नाही, आणि डोंगर, रान व पाणी ही तिन्ही एका दृष्टिक्षेपात सामावली की हे सारे ईश्वरनिर्मितच आहे असे मन परस्पर ठरवून टाकते. जुन्या महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात ज्या कोयनेचे तीर्थ भाविक ओंजळीत घेतो, ती कोयना ईश्वरनिर्मित म्हणावयास कोणाची हरकत नसावी. परंतु तीच नदी डोंगराच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे धावून हेळवाकपाशी पूर्वेस वळण्याच्या बेतात असताना जेथे भिंतीला अडते, आणि मागे तापोळ्यापर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा शिवसागर होऊन पसरते, तेथे ईश्वराच्या कर्तृत्वात सरकारी ठरावाची, भूसंपादनाच्या नोटिसांची आणि मोजणीदाराच्या साखळीची भर पडलेली असते. त्या पाण्याकडे पाहताना हात जोडावेत की नाही, आणि जोडलेच तर कोणापुढे, याचा विचार आपल्या धर्मचिंतनात अवश्य व्हावयास हवा, असे मला मनापासून वाटते.

या विचाराला आधार नाही असे मात्र नाही. आपल्या धर्मशास्त्राने यज्ञयागादी इष्टकर्मांच्या जोडीला विहिरी, तळी, देवालये, आमराया या लोकोपयोगी निर्मितीला पूर्तधर्म म्हणून स्थान दिले, आणि तळे खणून झाले म्हणजे काम संपले असे न मानता त्यासाठी एक स्वतंत्र संस्कार सांगितला, तो तडागोत्सर्गाचा. मत्स्यपुराणात त्याचा विस्ताराने विधी आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्टकुळातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात आपल्या बारा मयूखांपैकी एक मयूख, उत्सर्गमयूख, याच विषयाला वाहिला. आणि भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची साक्षेपाने चर्चा केली. त्या विधीत यजमान गाईला पाण्यात उतरवितो व तिचे पुच्छ धरून पैलतीरी जातो. सोन्याचे कासव व मगर, रुप्याचा मासा, तांब्याचा खेकडा व बेडूक अशा लहान प्रतिमा घडवून त्या पाण्यात सोडतो. आणि अखेरीस, हे पाणी मी सर्व भूतांसाठी सोडले आहे, त्यांनी येथे स्नान करावे, प्यावे, अवगाहन करावे, अशा आशयाचा संकल्प उच्चारून आपले स्वामित्व विसर्जित करतो. त्यानंतर त्याला ते पाणी वर्ज्य होत नाही. परंतु तो ते पितो तो मालक म्हणून नव्हे, तर ज्यांच्यासाठी ते सोडले त्या असंख्यांपैकी एक म्हणून.

या विधीतील मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट त्या प्रतिमांची आहे. नव्या तळ्यात अद्याप जीव नाही, म्हणून यजमान धातूचे जीव सोडतो, आणि आपल्या श्रमाने व द्रव्याने सिद्ध झालेल्या पाण्याचे पहिले अधिकारी म्हणून मनुष्याच्याही आधी मासा, कासव, बेडूक यांना बसवितो. शास्त्रकारांचा अभिप्राय काहीही असो, त्यातून निघणारा अर्थ मला स्पष्ट दिसतो, की जलाशय पवित्र होतो तो त्याच्या काठच्या देवळामुळे नव्हे, तर तो बांधणाऱ्याने त्यावरचा हक्क सोडल्यामुळे. साताऱ्याजवळच्या लिंब गावी वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधविलेली बारा मोटांची विहीर आजही पाहणाऱ्याला थक्क करते. तिच्या दगडी महालात राजवैभवाची खूण आहे, पण तिचे पाणी आमराईला आणि रानाला जावे यासाठीच तो सारा खटाटोप होता, म्हणून तेथे उभे राहताना मनाला कसलीही टोचणी लागत नाही.

शिवसागराच्या काठी ती लागते, आणि लागावी. सुमारे १०५ टीएमसी पाणी धरणारे हे धरण १९६०च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. त्याच्या पाण्याने बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून पोफळीच्या बाजूस झेप घेतली, विजेने मुंबईच्या गिरण्या व महाराष्ट्राचे कारखाने चालविले, आणि तेच पाणी वाशिष्ठीला मिळून समुद्राला गेले. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणतात त्यात अतिशयोक्ती नाही. परंतु त्या लक्ष्मीच्या आगमनासाठी जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यांतील ज्या गावांनी आपली शेते, वहिवाटीची राने, स्मशाने आणि देवळे सोडली, त्यांच्या लोकांना ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या मुलखांत पांगावे लागले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा झाला तो १९७६ साली, म्हणजे धरण भरून दशकाहून अधिक काळ लोटल्यावर. आणि कोयनेच्या विस्थापितांची पर्यायी जमिनीची प्रकरणे, वारसांच्या नोंदी आणि प्रकल्पग्रस्तांच्या यादीतल्या, म्हणजे संकलनाच्या, दुरुस्त्या साठ वर्षांनंतरही सरकारी दप्तरात प्रलंबित असल्याने त्यांच्या मुलानातवंडांना कोयनानगरला येऊन ठिय्या देत बसावे लागते. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे याच खोऱ्यात भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि जलाशयाच्या भाराचा भूगर्भाशी संबंध काय, हा प्रश्न जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे कायमचा उभा राहिला. त्या आघाताचेही पहिले धनी खोऱ्यातलेच लोक होते.

म्हणजे येथे उत्सर्गाचा क्रमच उलटा झाला. ज्याने बांधले त्याने काही सोडले नाही, आणि ज्यांनी सोडले त्यांना यजमानपद मिळाले नाही. संकल्पावाचून, पुष्कळदा संमतीवाचून, केवळ हुकमाने जे सुटले त्याला त्याग म्हणणे हे भाषेचे औदार्य खरे, परंतु न्यायाची उपेक्षा आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे जुन्या गावठाणांचे चौथरे उघडे पडतात, आणि लाँचवरचा एखादा वृद्ध नावाडी, "हितंच आमचं गाव हुतं बघा, अन् ह्या अंगाला भैरोबाचं देऊळ," असे पाण्याकडे बोट दाखवून सहज सांगून जातो. त्याच्या बोलण्यात तक्रार नसते. पण ते ऐकल्यावर काठावरचे सौंदर्य पूर्वीसारखे निरागस राहत नाही.

येथे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे विचारार्ह आहे, की राज्य म्हणजेच सर्व जन; सर्वांच्या पैशाने सर्वांसाठी बांधलेल्या धरणाला निराळ्या उत्सर्गाची आवश्यकता नाही. तत्त्वतः हे मान्य. परंतु सर्व म्हणजे कोण, हे कागदावर ठरत नाही, ते पाटाच्या तोंडाशी ठरते. ज्या कृष्णाखोऱ्याचे पाणी पश्चिमेस वीज करून सागरार्पण होते, त्याच खोऱ्यातील माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाच्या छायेत राहिले, आणि टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांचे पाणी तेथे पोचण्यास दीर्घ काळ व मोठे लोकलढे लागले. याच दुष्काळी पट्ट्यात, सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकात बळीराजा धरण बांधले, आणि त्याच्या पाण्यात ज्यांच्या नावे एक गुंठाही जमीन नाही अशा भूमिहीनांचाही वाटा मान्य केला. त्या लोकांनी मंत्र म्हटले नसतील, गाईचे पुच्छ धरून कोणी पैलतीर गाठला नसेल. परंतु सात-बाऱ्यावर नाव नसलेल्याला पाण्याचा हक्कदार करणे हा माझ्या मते उत्सर्गमयूखाच्या आत्म्याशी सर्वाधिक इमान राखणारा आधुनिक विधी होय.

वन्य प्राण्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. कोयना आणि चांदोली ही रानखोरी १९८५ साली अभयारण्ये झाली, चांदोलीस पुढे २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. गवा, अस्वल, सांबर, कोळसुंदा, शेकरू यांना या पाण्याच्या काठी जी निर्भयता लाभली, ती तडागोत्सर्गाच्या संकल्पातील सर्वभूतांची आठवण करून देते, आणि तिचे मी अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. पण चांदोलीकडील वारणेच्या खोऱ्यातली काही कुटुंबे आधी पाण्याने आणि मग वनाच्या हद्दीने अशी दोनदा उठली, हेही त्याच श्वासात म्हटले पाहिजे. गव्याला दिलेले दान गवळी-धनगराच्या पदरातून काढून दिले असेल, तर गवा निर्दोष राहतो, दाता राहत नाही. चांदोलीच्याच तालुक्यात, बत्तीस शिराळ्यास, नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजण्याची परंपरा होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे न्यायालयाने तिला आवर घातला, तेव्हा पुष्कळांना श्रद्धेवर घाला पडल्यासारखे वाटले. मला वाटते, त्या निर्णयाने पूजेचे एक अंतरंगच खुले झाले: जो जीव आपल्या कबजात नाही, बिळात व रानात आपल्या मर्जीने आहे, त्याला दुरून नमस्कार करणे हे हाती धरून नमस्कार करण्याहून कठीण आणि म्हणूनच श्रेष्ठ आहे. दुर्बीण घेऊन तासन्‌तास निश्चल बसणारा पक्षीनिरीक्षक, त्याला ठाऊक असो वा नसो, ह्या दुसऱ्या प्रकारचा उपासक असतो.

मासेमारीविषयी मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. जाळे टाकणारा भोई आणि हौसेने गळ टाकून बसणारा प्रवासी यांना एका तागडीत घालता येत नाही. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध मांसविक्रय करीत असताना कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवितो, आणि कुलपरंपरेने आलेली उपजीविका निर्लोभपणे चालविणाऱ्याचा अधिकार तपस्व्याहून उणा नाही, हे व्यासांनी निःसंदिग्धपणे दाखविले आहे. शेत गेल्यावर ज्याने होडी धरली त्या धरणग्रस्ताच्या जाळ्याला माझा सादर प्रणाम आहे. पण ज्याच्या घरी चूल मासळीवाचून अडलेली नाही, त्याने केवळ दोरीला बसणाऱ्या झटक्याच्या सुखासाठी एका जीवाचा ओठ फाडावा, आणि मग त्याला पुन्हा पाण्यात सोडून आपण दया केली असे समाधान मानावे, हे मला पटत नाही. त्यात हिंसा थोडी असेल, पण तिला प्रयोजन मुळीच नाही. याच्या उलट, रायगड जिल्ह्यातील वाळण कोंडीत देवीचे म्हणून राखलेले मासे माणसाच्या हातून खाणे घेतात. वाहत्या, थंड, खळाळत्या पाण्यातला खडस हा मानी मासा; धरणाच्या भिंतीने वर चढण्याची वाट बंद झाल्यावर स्थिर पाण्यात तो मागे पडतो, आणि त्याच्या जागी रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाते. मत्स्यपुराणातील रुप्याच्या माशाचे हे मत्स्यखात्याच्या हिशेबात बसणारे रूप आहे. परंतु विधीतल्या त्या रुप्याच्या माशाला पहिला अधिकारी म्हणून सोडले होते, उत्पन्नाची बाब म्हणून नव्हे, हा भेद विसरता कामा नये.

मग जलाशयावर जाऊच नये काय? असे मी म्हणत नाही. ऋणाची जाणीव म्हणजे खंत नव्हे. पितृऋण मानणारा मनुष्य आईबापांच्या घरी म्लानमुखाने वावरत नाही, उलट त्या जाणिवेने त्याचे घरातले वागणे अधिक मोकळे आणि अधिक मर्यादशील होते. कासच्या पठारावर फुलांचा बहर पाहणाऱ्याने त्याच पठाराखालचा तलाव सातारा शहराची तहान पिढ्यान्‌पिढ्या भागवीत आला आहे हे ध्यानात ठेवले, तर काठावर बाटल्या टाकण्यास त्याचा हात धजणार नाही. तापोळ्याला मुक्काम करणाऱ्याने आपल्या यजमानाला त्याचे मूळ गाव कोणते होते एवढे विचारले, आणि उत्तर ऐकून घेतले, तरी त्या प्रवासाला यात्रेचे थोडे पुण्य लाभेल.

राहिला प्रत्यक्ष उत्सर्गाचा प्रश्न. कृष्णेच्या काठी, धोम धरणाच्या खाली, वाईस प्राज्ञपाठशाळेत धर्मकोशाचे प्रचंड कार्य सिद्ध झाले, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या विद्वानाने तेथे बसून धर्माचा विचार लोकजीवनाशी जोडून दाखविला. त्या परंपरेतील विद्वानांनी मनावर घेतले, तर शिवसागराचा तडागोत्सर्ग आजही विधिपूर्वक होऊ शकेल, आणि शास्त्रातील सर्वभूतांत जतचा शेतकरी, चांदोलीचा गवा व कोयनेतला खडस या सर्वांचा समावेश करणारा संकल्प रचता येईल. मात्र त्या दिवशी गाईचे पुच्छ धरावयास मंत्री वा अभियंता चालणार नाही. तो अधिकार ज्यांची गावठाणे पाण्याखाली आहेत त्यांचाच आहे. आणि त्यांना संकल्पाला बसविण्यापूर्वी त्यांच्या पर्यायी जमिनींचे दाखले, वारसांच्या नोंदींसह, त्यांच्या हाती पडलेले असले पाहिजेत.