पाठ नसलेली गाठ

हुनान प्रांतातल्या एका शहरात नदीकाठी कन्व्हेन्शन सेंटर बांधायचं ठरलं. मोठं सभागृह, प्रदर्शनाची दालनं, वर्षभर परिषदा आणि व्यापारमेळे. आराखड्याचं काम एका तरुण आर्किटेक्टकडे आलं. वरिष्ठांनी त्याला एकच गोष्ट बजावली, "चिन्ह आपलं हवं, आणि ते लोकांना ओळखू आलं पाहिजे. ग्वांगझूची ती गोल इमारत आठव. १३८ मीटर उंच, मधोमध आरपार भोक. इटालियन आर्किटेक्टच्या मनात होती जेडची प्राचीन चकती. लोक म्हणतात, तांब्याचं नाणं!"

तरुणाने लाल गाठ निवडली. नववर्षाला दारोदारी टांगतात ती रेशमी गाठ चीनमध्ये कोण ओळखणार नाही? चिनी भाषेत गाठीला 'जिए' म्हणतात. लग्न आणि एकजूट, दोन्हींच्या शब्दांत हाच 'जिए' बसलेला आहे. आपल्याकडे लग्नाचीही गाठच बांधतात आणि माणसं भेटली की गाठ पडली म्हणतात, तसंच. चार माणसं जमण्याच्या जागेला याहून चांगलं चिन्ह कुठलं? त्याने संगणकावर लाल पोलादाची प्रचंड गाठ काढली आणि ती छप्पर म्हणून इमारतीवर ठेवली. वरिष्ठ खूश झाले.

वसंतोत्सवाच्या सुटीत तो गावी गेला. त्याच्या आजीचा उभा जन्म गाठी विणण्यात गेला होता. त्याने तिच्यासमोर लॅपटॉप उघडला.

"रंग छान आहे," आजी म्हणाली. "पण ही गाठ दिसते कुठून?"

"विमानातून."

"आणि दारात उभं राहिलं तर?"

तो घुटमळला. "दारातून नाही दिसत."

आजीने हातातली गाठ त्याच्यापुढे धरली. "हिची पुढची बाजू कोणती, सांग."

ती 'पानचांग' गाठ होती. बौद्धांच्या अष्टमंगलांतली ही अनंत गाठ, संस्कृतातलं श्रीवत्स. सगळी वीण एकाच दोरीची. त्याने ती उलटली, पुन्हा उलटली. दोन्हीकडे तेच.

"नाही सांगता येत, आजी."

"कसं येईल? हिला पाठच नसते. तुझ्या इमारतीला आहे?"

होती. नदीच्या अंगाला काचेची भिंत आणि रुंद पायऱ्या. मागे ट्रकांचा रस्ता, कचऱ्याची खोली आणि तिला लागून एक अरुंद दार. ते स्वयंपाक्यांसाठी, सफाईवाल्यांसाठी, खुर्च्या मांडणाऱ्या मजुरांसाठी. दारातून आत बिनखिडकीचा लांब बोळ. नकाशात तो राखाडी रंगवलेला होता. आजवरच्या सगळ्याच नकाशांत त्याने असे बोळ राखाडी रंगवले होते. तिथून रोज माणसं चालणार, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

संध्याकाळी आजीने त्याला विणायला बसवलं. टाचण्यांभोवती दोरी फिरवणं जमलं. मग टाचण्या काढून सैल वीण आवळायची वेळ आली. त्याने डोळ्यांत भरणारा एक फास मोठा करायला म्हणून जोरात ओढला. पलीकडचे दोन फास गडप झाले आणि गाठ वाकडी झाली.

"विणता कुणालाही येतं, बाळा," आजी म्हणाली. "कस लागतो तो ओढताना. एकाला जास्त दिलंस की दुसऱ्याचं कमी होतं. दोरी एकच असते ना."

परतताना तो चांगशाला उतरला. तिथे २०१६ साली पादचाऱ्यांसाठी पूल झाला आहे, तोही अशाच चिनी गाठींवरून सुचलेला. १८५ मीटर लांब, लाल पोलादाचा. त्याच्या वाटा चढतात, उतरतात, एकमेकींना मिळतात. पुलावर कुणी वरून येत होतं, कुणी खालून, आणि मध्येच त्यांची गाठ पडत होती. पुलावर चालताना गाठीचा आकार काही त्याला दिसला नाही, पण आपण तिच्या आतून चालतोय हे पावलोपावली कळत होतं.

त्याने आराखडा नव्याने काढला. छप्पर साधं सपाट झालं. पायऱ्यांची रुंदी निम्म्यावर आली आणि वाचलेली जागा मागच्या अंगाला मिळाली. ट्रकांचा रस्ता वेगळाच राहिला, त्याला इलाज नव्हता. पण माणसांसाठी दोन्हीकडची दारं सारखी झाली, तितकीच उंच, तितकीच उजेडाची. बोळाला चौकाकडे उघडणाऱ्या खिडक्या आल्या. एकच रुंद वाट एका दारातून निघून सभागृह, दालनं, स्वयंपाकघर यांना वळसे घालत दुसऱ्या दाराशी पोचली.

"अरे, पण गाठ कुठे गेली?" वरिष्ठांनी विचारलं.

त्याने आजीची गाठ टेबलावर ठेवली. "हिची पुढची बाजू कोणती, तेवढं सांगा सर."

त्यांनी ती उलटली, पुन्हा उलटली. मग नकाशा जवळ ओढला आणि इमारतीची पुढची बाजू शोधू लागले. बराच वेळ शोधत राहिले.

"लोकांना ओळखू येईल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"इतके दिवस जे मागच्या दाराने येत होते, त्यांना सगळ्यांत आधी येईल."

तात्पर्य : ज्या चिन्हाला पाठ नाही ते घ्यायचं, तर मागचं दार कुणाच्याच वाट्याला ठेवू नये.