पक्का रंग

कॉलेजात असताना मी जर्मनची एक परीक्षा दिली होती. पुढे बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो आणि जर्मन विसरलो. पण आमच्या इचलकरंजीतल्या एका खातेदार शेठजींना ती परीक्षा आठवत होती. जर्मनीहून आलेला कापड-तपासणीचा कागद काउंटरवर ठेवून ते म्हणाले, "साहेब, एवढं इंग्रजी करून द्या."

कागदावर 'फार्ब-एख्तहाइट', 'वाश-एख्तहाइट', 'श्वाइस-एख्तहाइट' अशी मंडळी होती. शब्दकोशात 'एख्त' म्हणजे अस्सल. मी बेधडक लिहिले : जेन्युइन कलर, जेन्युइन वॉशिंग, जेन्युइन स्वेट!

शेठजी म्हणाले, "घाम आमचा खराच आहे हो! त्या घामानं रंग जातो का, ते पाहिजे."

या गुणाला इंग्रज 'फास्टनेस' म्हणतो. आपल्याला फास्ट म्हणजे लोकल ठाऊक. तेव्हा फास्ट रंग सर्वांत आधी पळायला हवा! आपण सरळ 'पक्का रंग' म्हणतो. जर्मन माणूस मात्र जो टिकतो त्यालाच खरा म्हणतो. अस्सल बर्लिनकर त्याच्या भाषेत 'वाश-एख्त', म्हणजे धुतला तरी बर्लिनकरच!

मला हे फार आवडले. बावीस वर्षांच्या नोकरीत मला एकही मेमो नाही. म्हणजे आपणही वाश-एख्तच की!

पण शेठजींनी तपासणीची रीत सांगितली. नमुन्याला पांढऱ्या कापडाची पट्टी शिवून दोन्ही एकत्र धुतात. मग गुण दोनदा देतात : नमुन्याचा रंग किती बदलला आणि शेजारच्या पांढऱ्यावर किती डाग पडला. 5 म्हणजे उत्तम, 1 म्हणजे वाईट.

त्या रात्री झोप येईना. "अहो, सारखी कूस काय बदलताय?" सौ. म्हणाली. तिला काय सांगू? काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक नोंद चुकली होती. शेजारच्या टेबलावर नुकताच लागलेला एक पोरगा बसायचा. मेमो त्याला मिळाला. मी गप्प राहिलो. माझा रंग जराही उडाला नाही. 5 पैकी 5. पांढऱ्या पट्टीचे गुण कुणी विचारलेच नाहीत.

सकाळी कागदावरचे सगळे 'जेन्युइन' खोडून मी 'फास्ट' लिहिले. टिकणे आणि खरे असणे यांत फरक आहे, एवढे तरी कळले होते.

तो पोरगा आता सांगलीच्या शाखेत आहे. रविवारी त्याच्याकडे जाणार आहे. नुसत्या विचारानेच घाम फुटतो आहे. तो मात्र जेन्युइन!