दुखणार नाही हं!

दाताच्या डॉक्टरानं रोग्याशी खोटं बोलावं का, हा प्रश्न मला नेमका खुर्चीत आडवं झाल्यावर पडतो. आणि तेव्हा तोंडात त्याची दोन बोटं नि एक आरसा असल्यामुळे विचारता येत नाही.

माझे पहिले डॉक्टर फार प्रेमळ. 'अजिबात दुखणार नाही हं!' म्हणाले आणि पुढच्याच क्षणी मला माझे दिवंगत आजोबा दिसले. हेतू चांगला होता, कबूल. पण मग ते 'झालं, झालं' म्हणाले तेही मला खरं वाटेना. (ते झालं नव्हतंच.)

हल्लीच्या डॉक्टरीणबाई हसतसुद्धा नाहीत. 'सुई टोचताना दुखेल. मग हिरडी बधिर होईल. तरीही दुखलं तर हात वर करा, मी थांबेन.' मी दुखत नसताना, केवळ खात्री करून घ्यायला, हात वर केला. बाई थांबल्या! अक्कलदाढेसकट सगळी बत्तिशी त्यांच्या स्वाधीन करावीशी वाटली.

१८४४ साली होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानं हास्यवायू हुंगून आधी स्वतःचाच दात उपटून घेतला, मग रोग्यांकडे वळला. एवढी अपेक्षा मी करत नाही.

पंचाईत एकच. बँकेत काउंटरवर मीही रोज 'पाच मिनिटांत होईल' म्हणतो. परवा एका आजोबांना खरं ते सांगितलं, 'पाऊण तास लागेल.' ते निमूट बाकावर बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, 'नवीन दिसतोय!'