भाडे थकले, तर दार कसे ठोठवावे?



शनिवार पेठेतला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. माडीवर मालकीणकाकू एकट्या राहतात. त्यांना पेन्शन नाही, औषधपाणी भाड्यावरच चालते. खालच्या दोन खोल्यांत एक कुटुंब राहते. घरधन्याची नोकरी गेली आणि तीन महिन्यांचे भाडे थकले. आता जिन्यात पावले वाजली की खाली मुले गप्प होतात, आणि वर काकूंनाही झोप नाही. अशा वेळी मालकाने काय करावे?

अनुवादाच्या पुस्तकात (२४:१०-१३) उसने देणाऱ्यासाठी एक नियम आहे. गहाण घेण्यासाठी त्याने ऋणकोच्या घरात शिरायचे नाही. बाहेर थांबायचे; ऋणको स्वतः वस्तू आणून देईल. तो गरीब असेल, तर त्याचे पांघरूण सूर्य मावळताना परत करायचे. येथे कर्ज माफ झालेले नाही. मागण्याचा हक्क शाबूत आहे. पण त्या हक्कालाही उंबरठा आहे. उंबरठ्याच्या आत माणसाची अब्रू आणि रात्रीची झोप असते. ती कोणी गहाण घेऊ शकत नाही.

आपल्या राज्याचा कायदाही मालकाला थांबायला सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू असलेल्या भाडेकरूला थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय त्या कारणासाठी ताब्याचा दावा लावता येत नाही. रास्त कारणाविना पाणी किंवा वीज तोडणे हा तर गुन्हा आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी, थकलेल्या भाड्यासाठी कोणाला घराबाहेर काढू नये, असे घरमालकांना सांगितले होते. अकरा महिन्यांच्या कराराचे नियम वेगळे असतील, पण ख्रिस्ती माणसाचे मन करारागणिक बदलत नाही.

प्रभू येशू याही पुढे जातो. मत्तयच्या शुभवर्तमानातील (१८:२३-३५) निर्दय चाकराचे शंभर दिनार खरोखरच येणे होते. त्याचा हिशेब चुकला नव्हता. सोबत्याने माफी नव्हे, फक्त मुदत मागितली होती. आणि थोड्याच वेळापूर्वी हीच विनवणी त्याने स्वतः राजापुढे केली होती. ती विसरून त्याने सोबत्याचा गळा धरला.

जमीन परमेश्वराची आहे, आपण सारे त्याच्याजवळ उपरे आहोत, असे लेवीय (२५:२३) सांगते. पुण्याच्या कॅथोलिकांनी तर हे अनुभवले आहे. ज्या शनिवारवाड्यावरून आपल्या पेठेचे नाव सर्वांना ठाऊक आहे, तिथल्या सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ साली, आपल्या पूर्वजांना नाना पेठेत चर्चसाठी जागा मिळाली. परधर्मीयांनी दिलेल्या जागेवर त्यांनी वेदी उभारली. ज्यांना जागा मिळाली, त्यांनी दुसऱ्याची जागा काढून घेताना दहादा विचार करावा.

म्हणून मालकांनो, भाडे जरूर मागा, पण चौकात उभे राहून नव्हे, मुलांसमोर नव्हे. आधी “काय झाले?” असे विचारा, मग आकडा काढा. हप्ते ठरवा, ते कागदावर लिहा, प्रत्येक रकमेची पावती द्या. भाडेकरूंनो, तुम्हीही दार लावून बसू नका. तारीख टळण्यापूर्वी स्वतः माडी चढा, खरी अडचण सांगा, जमेल तेवढे हातावर ठेवा. कोणाचे देणे ठेवू नका, ही संत पौलाची शिकवण (रोम १३:८) तुमच्यासाठीच आहे. मालकीणकाकूंचे औषधही थांबता कामा नये.

आणि शेजाऱ्यांनो, दोन्ही घरांची अडचण आपल्याला ठाऊक असते. त्याची चर्चा करण्याऐवजी एका महिन्याच्या भाड्याला किंवा औषधाला हातभार लावता येईल का?

या आठवड्यात “आमची ऋणे आम्हांला सोड” या अर्थाची प्रार्थना करताना, आपले कोणाकडे येणे आहे, त्याचा चेहरा आठवा. प्रभू आपणां सर्वांना मागण्याची रीत आणि देण्याची दानत देवो.