आधी कोणाचे फेडावे?

रत्नागिरीकडे आंब्याचा पैसा चैत्र-वैशाखात येतो. पावसाळ्यात घर उधारीवर चालते. मग हाती थोडेच असता आधी कोणाचे फेडावे? हिशेब म्हणतो, व्याजाचे. दरमहा शेकडा १ दराने १०,००० रुपयांवर १०० रुपये व्याज होते. तेवढेच भरणाऱ्याचे मुद्दल जन्मभर तसेच राहते. ३०० भरणाऱ्याचे पहिल्याच महिन्यात २०० ने उतरते.

परंतु ज्या शेजाऱ्याने बिनव्याजी तांदूळ दिले, तो तगादा करीत नाही म्हणून त्यास शेवटी ठेवावे काय? मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने सावकारास मनाई केली आहे. ऋणकोस कायद्याचे रक्षण आहे; भल्या शेजाऱ्यास आपल्या मनाच्या साक्षीवाचून दुसरे रक्षण नाही. यास्तव, वाचकहो, खर्चाच्या वहीत व्याजाच्या हप्त्याखाली त्याचे पायलीभर तांदूळही दरमहा लिहावे.